कराराला शिवलेलं पत्र

हायडेलबर्ग
१४ जानेवारी २०२४

प्रिय ऊर्मिला,

दिवाळीत तुझ्या हॅनोव्हरच्या स्वयंपाकघरात आपण ठरवलं होतं की नव्या वर्षापासून एकमेकींना कागदावर पत्रं लिहायची. मी शब्द पाळतेय. तू पाळला नाहीस तर पुढच्या दिवाळीत चकल्या एकटीने पाड.

शार्दूल हसतोय. दोघी जर्मनीत, दोघींकडे फोन, आणि पत्रं कसली लिहिता म्हणे. त्याला काय सांगणार? मी तुला फोन लावला की हाच मध्येच "ताईला दे" म्हणून हिसकावून घेतो. ‘एक मांडव’ ग्रुपवर काही लिहावं तर दोन्ही घरची चौदा माणसं वाचतात. कऱ्हाडला राजाभाऊंचा, म्हणजे तुझ्या बाबांचा आणि माझ्या सासऱ्यांचा, फोन तर कायम स्पीकरवर. परवा मी आईंना पोटदुखीचं सांगत होते तर पलीकडून दूधवाल्याने ओवा खायला सांगितलं.

मायना काय लिहावा यावर अर्धा तास गेला. तू माझ्या हरीशदादाची बायको, म्हणून माझी वहिनी. मी तुझ्या भावाची बायको, म्हणून मीही तुझी वहिनी. शिवाय दोघी एकमेकींच्या नणंदा. आठ वर्षांपूर्वी एकाच मांडवात तुला आमच्याकडे आणि मला तुमच्याकडे देऊन मोकळे झाले लोक, हाक काय मारायची ते कुणी सांगितलं नाही. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

आता बातमी. मला काम मिळालंय. नेकार नदीच्या काठावर फाल्केनएक नावाचा एक लहानसा किल्ला आहे. तिथल्या म्युझियममध्ये शरद ऋतूत प्रदर्शन लागणार आहे, आणि भिंतीवरचे मजकूर सोप्या जर्मनमध्ये आणि इंग्रजीत मी लिहायचे आहेत. प्रदर्शन आहे आग्नेसवर. साडेपाचशे वर्षांपूर्वी या किल्ल्याची लेक. नदीपलीकडच्या किल्ल्याशी यांचं दोन पिढ्यांचं वैर. ते मिटवायला आग्नेसला तिकडे दिली, आणि तिच्या नवऱ्याची बहीण एल्स हिला इकडे आग्नेसच्या भावाला केली. एकाच दिवशी. मी माझ्या साहेबीणबाईंना, फ्राऊ क्रेमरना, सांगितलं की याला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात आणि माझंही तेच झालंय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग, चालतं का हे?"

मी म्हटलं, अगदी उत्तम चालतं.

दादाला सांग की बहिणीला फोन करायला मुहूर्त लागत नाही. अन्वीला पापा.

तुझी
सुमेधा


हॅनोव्हर
२ फेब्रुवारी

प्रिय सुमेधा,

तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमनने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. हल्ली इथे हाताने लिहिलेलं काही येत नाही. माझं अक्षर पार बिघडलंय, ‘ळ’ काढताना थांबून आठवावं लागलं. बालवाडीत, आमच्या किटामध्ये, दिवसभर पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहिते, त्या जर्मनमध्ये.

आम्ही ठीक. अन्वी या ऑगस्टमध्ये शाळेत जाईल. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं छान चालतं. हरीशला कोलोनच्या ऑफिसात प्रोजेक्ट मिळालाय. सोमवारी जातो, शुक्रवारी येतो. म्हणून फोन राहतो त्याचा.

तुझ्या आग्नेसचं वाचलं. पुढे काय झालं ते कळव. साटंलोट्यात दोन्ही लग्नं चांगली असतात तोवर बघण्यासारखं काही नसतं. आमच्या घरचं शार्दूलने तुला सांगितलं नसणार, तो तेव्हा दोन वर्षांचा होता. माझी आई आणि माझी आत्या यांचंही साटंलोटंच. आत्या मिरजेला माझ्या मामाच्या घरी दिलेली. एकदा तिचं तिथे बिनसलं आणि मामाने तिला कऱ्हाडला आणून सोडलं. त्याच दिवशी जेवताना बाबा आईला म्हणाले, "तुमच्यांनी आमची पाठवली. आता तुम्हीही बॅग भरा." रागावलेले नव्हते ग. आमटी चांगली झालीय असंही म्हणाले. मी पाच वर्षांची होते, मला ती आमटीसुद्धा आठवते.

आई दोन वर्षं मिरजेला होती. आम्हा दोघांना बाबांनी ठेवून घेतलं होतं. मग आत्याचं जमलं, ती नांदायला गेली, आणि त्याच आठवड्यात आई परत आली. शार्दूल तिला काही दिवस मावशी म्हणायचा.

घरात या सगळ्याला "शेवटी सुरळीत झालं" असं म्हणतात. म्हणूनच आपल्या वेळी बाबांनी बिनदिक्कत पुन्हा तेच केलं. तुला घाबरवायला लिहीत नाहीये. तुझ्या आग्नेसमुळे आठवलं इतकंच.

ऊर्मिला


हायडेलबर्ग
१९ मार्च

प्रिय ऊर्मिला,

हे तुला सगळ्यांच्या आधी सांगतेय. ग्रुपवर नाही, आईंना नाही, माझ्या आईलाही नाही. मला दिवस गेलेत. बारा आठवडे झाले. मागच्या दोन्ही वेळा नऊच्या पुढे गेले नव्हते, म्हणून इतके दिवस तोंड दाबून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी परवा ठोके ऐकवले. शार्दूल तिथेच रडायला लागला आणि मग बाईंनी त्यालाच पाणी दिलं.

ब्लडप्रेशर जरा जास्त आहे. मनाला त्रास करून घ्यायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. शार्दूल घरात चपला न वाजवता चालतो. कपड्यांना इस्त्री तोच करतो, माझे कुडते चौकोनी होऊन निघतात. मी फार सुखात आहे, ऊर्मिला. लिहिताना भीती वाटते, पण लिहिते.

तू आग्नेसचं विचारलं होतंस. तिच्या पत्रांचा एक गठ्ठा आहे, तो सगळा लहानपणचा. मोठेपणचं एकच पत्र मिळालंय आणि ते भलत्याच ठिकाणी. तिच्या भावाच्या मुलीचं पुढे त्याच पलीकडच्या घराण्यात लग्न ठरलं, त्या लग्नाच्या कराराला ते दोऱ्याने शिवलेलं आहे. कुणा कारकुनाची चूक असावी असं फ्राऊ क्रेमर म्हणतात. पत्र मी तुझ्यासाठी मराठीत करून देते:

"माझ्या प्रिय भावा, देवाच्या कृपेने मी कुशल आहे. माझे यजमान माझ्याशी मायेने वागतात, मला काही उणं नाही. माझ्या वहिनीला जप. बाकीचं हे पत्र आणणारा तोंडी सांगेल."

त्या काळी हीच पद्धत होती म्हणे. पत्र चारजण वाचणार हे गृहीत, म्हणून पत्रात सगळं गोड लिहायचं आणि खरं काय ते निरोप्याच्या तोंडी द्यायचं. आपला ‘एक मांडव’ ग्रुपच की. पण हे पत्र मात्र मला खरं वाटतं. आग्नेस सुखात होती. मी तिच्यासाठी तसाच मजकूर लिहिणार आहे.

दादाला ही बातमी तूच दे. तो फोन उचलत नाही.

तुझी
सुमेधा


हॅनोव्हर
६ एप्रिल

सुमेधा,

पत्र वाचून मी किटाच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानेच. मुलं दार वाजवत होती.

हरीशला सांगितलं. खूप खूश झाला.

पायाखाली उशी घे, मीठ कमी कर, आणि शार्दूलला इस्त्री करू देत, त्याने काही मरत नाही. कसलाही विचार करायचा नाही. आमच्याकडे सगळं उत्तम आहे. आमच्या बिल्डिंगचं मोठं दुरुस्तीकाम निघालंय म्हणून आम्ही घर बदललं. लहान आहे, पण किटाच्या जवळ. नवा पत्ता मागे लिहिलाय. ग्रुपवर टाकू नकोस, उगाच बाबा फोटो मागत बसतील.

ऊर्मिला


हायडेलबर्ग
२१ मे

प्रिय ऊर्मिला,

मागचं पत्र काय ते, पोस्टकार्डाला लाजवेल असं. घर बदललं आणि चार ओळी? किती खोल्या, खिडकीतून काय दिसतं, दादाचं ते अवाढव्य टेबल मावलं का, काही नाही. कोलोनच्या प्रोजेक्टने तुम्हा दोघांनाही मुकं केलंय.

माझं पोट आता लपत नाही. ग्रुपवर जाहीर केल्यापासून कऱ्हाडहून रोज एक सूचना येते. राजाभाऊ आणि आई सप्टेंबरमध्ये तीन महिन्यांसाठी येताहेत. बारसं इथेच, हायडेलबर्गला. आत्या तू, नाव तूच ठेवायचंस, आणि मामा म्हणून दादाही हवा. आमच्या बाळाची तीच तर चैन आहे, एका तिकिटात सगळी नाती येतात.

आग्नेसच्या पत्रात एक गंमत सापडली. खाली तारखेसोबत गाव लिहायची पद्धत होती. नवऱ्याच्या किल्ल्याचं नाव हवं, तर तिथे एका मठाचं नाव आहे, घोड्यावरून दोन दिवसांच्या वाटेवरच्या. तीर्थयात्रेला गेली असेल असं फ्राऊ क्रेमरना वाटतं. मलाही. मजकूर लिहून दिला आहे: "लग्नाने दोन शत्रू घराणी जोडली गेली आणि आग्नेसला तिथे सुख लाभलं." छापायला गेलाय.

जुलैमध्ये किटा तीन आठवडे बंद असतं ना? दोन आठवडे अन्वीला माझ्याकडे पाठव. मला बसून बसून कंटाळा आलाय.

तुझी
सुमेधा


हॅनोव्हर
१० जून

सुमेधा,

अन्वीला पाठवावं की नाही याचा खूप विचार केला. तुझी दगदग होईल. पण ती आत्या आत्या करून डोकं खाते. पंधरा जुलैला मी तिला मानहाइमपर्यंत आणून शार्दूलच्या हवाली करेन आणि तशीच परत फिरेन, मला रजा नाही.

एक विचारते. तीर्थयात्रेला गेलेली बाई "यजमान मायेने वागतात" हे मुद्दाम भावाला कशाला कळवेल? आणि त्या वर्षी एल्सचं काय चाललं होतं, ते कुणी बघितलंय का?

जाऊ दे. मला इतिहासातलं काय कळतं.

ऊर्मिला


हायडेलबर्ग
२९ जुलै

ऊर्मिला,

काल शार्दूल अन्वीला मानहाइमला तुझ्या हाती देऊन आला. तो काही बोलला नसेल, कारण त्याला काही माहीत नाही. मला माहीत आहे. अन्वीवर रागावू नकोस, ती तेरा दिवस गप्प होती, तिच्या वयाला ते खूप झालं.

शनिवारी शार्दूल बाजारात गेला होता. मी ताटं मांडत होते आणि सहज म्हटलं, उद्या पप्पा येणार का घ्यायला? तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि माझ्या कानाशी तोंड आणून जर्मनमध्ये सांगितलं की पप्पा आता आमच्याकडे राहतच नाही. त्याचं कोलोनला घर आहे. तिथे तिचाही पलंग आहे, पांघरुणावर जिराफ आहेत. मी विचारलं, कानात का सांगतेस? तर म्हणाली, मामाने बजावलंय, बाळाला कळता कामा नये. म्हणून ती पोटापासून लांब येऊन बोलत होती. ‘मामा’ म्हणजे तिची जर्मन मामा, तू. मी क्षणभर शार्दूल समजले. त्यालाही माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही असं वाटलं.

मी तिला जेवायला वाढलं. तिने दोन पोळ्या खाल्ल्या. ओझं उतरलं होतं तिचं.

काल मी फ्राऊ क्रेमरकडे जाऊन एल्सचं बघितलं. आग्नेसने मठातून ते पत्र लिहिलं ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबरमध्ये एल्सला मुलगा झाला. आठ महिन्यांची गरोदर होती ती, आग्नेसच्या भावाच्या घरात. आग्नेस यात्रेला गेलीच नव्हती, तिला नवऱ्याने टाकलं होतं, आणि हे त्या महिन्यात कळलं असतं तर भावाने एल्सला तशाच पोटाने नदीपार पाठवलं असतं. "माझ्या वहिनीला जप." तू हे जूनमध्येच ओळखलंस. ओळखायला तुला पुस्तक लागलं नाही.

तुला एक गोष्ट सांगते, कारण न सांगता मला झोप येणार नाही. अन्वीने सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार तुझा आला नाही. दादाचाही नाही. पहिला विचार आला, मला परत पाठवतील का? मग मला स्वतःची इतकी लाज वाटली.

शार्दूल मला पाठवणार नाही. तो माझ्यासाठी जीव टाकतो. पण तुझ्या बाबांसमोर त्याने कधी ‘नाही’ म्हटलेलं आठ वर्षांत मी ऐकलेलं नाही. त्याला सांगू का? दादाला फोन करून भांडू? मी काय करू ते सांग. मला काही सुचत नाही.

सुमेधा


हॅनोव्हर
३ ऑगस्ट

सुमेधा,

तू काही करायचं नाहीस. तू काही ऐकलेलं नाहीस.

आपण चकल्या करत होतो त्याच्या दोन दिवस आधी हरीश मला म्हणाला की त्याला या लग्नात राहायचं नाही. मारलं नाही, ओरडला नाही. दुसरी कुणी आहे का विचारलं तर नाही म्हणाला, आणि ते खरं असावं. आठ वर्षं आपण वडीलधाऱ्यांचं ठरलेलं पार पाडतोय, म्हणाला. मलाही कधी कधी तसं वाटलेलं आहे. पण मी निघून गेले नसते.

जानेवारीत तो गेला. मी मार्चमध्ये शार्दूलला सांगणार होते, तिकीटही बघितलं होतं. मग तुझं पत्र आलं. हरीशला तुझी बातमी सांगितली तेव्हा तोच म्हणाला, सुमेधाचं होईपर्यंत गप्प बसू. इतक्या महिन्यांत आम्ही दोघांनी मिळून ठरवलेली ही एकच गोष्ट.

इथे घटस्फोटाआधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं, ट्रेनुंग्सयार म्हणतात त्याला. ते वर्ष असंही घालवायचंच आहे. ते गुपचूप घालवलं तर कुणाचं काय बिघडतं? तुझं बाळंतपण होऊ दे, आई-बाबा येऊन परत जाऊ देत. मग मी सांगेन.

शार्दूल तुला पाठवणार नाही असं तुला वाटतं. मलाही वाटतं. माझ्या आईलाही बाबांबद्दल तसंच वाटायचं.

दहा तारखेला अन्वीचा शाळेचा पहिला दिवस आहे. हरीश येणार आहे. तिघांचा फोटो ग्रुपवर टाकेन. तू हार्ट टाक.

पत्रं नेहमीसारखी लिही, शार्दूलने मागितलं तर वाचायला देता येईल अशी. आणि मीठ कमी खा.

ऊर्मिला


हायडेलबर्ग
२० ऑक्टोबर

प्रिय ऊर्मिला,

हे पत्र शार्दूलला वाचायला देता येणार नाही. आई-बाबा फिरायला गेलेत, स्वराली झोपलीय, माझ्याकडे तासभर आहे.

बारशाला तुम्ही दोघं मानहाइम स्टेशनवर भेटून एका ट्रेनने आलात, जोडीने दारात उभे राहिलात. दादाच्या हातात पाळण्याचं खेळणं, तू ती जांभळी पैठणी नेसलेली. आईंनी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला. मी नजर चुकवून स्वरालीचं दुपटं नीट करत राहिले. तू मात्र दादाला म्हणालीस, "अहो, कोट इकडे द्या," आणि त्याने दिला. अन्वी कोपऱ्यात बसून तुमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

मग तू स्वरालीला मांडीवर घेऊन तिच्या कानाशी वाकलीस आणि आम्ही बायकांनी रीतीप्रमाणे तुझ्या पाठीत धपाटे घातले. माझाही हात लागला. ऊर्मिला, तुझ्या पाठीला नुसती हाडं आहेत. पैठणीच्या काठाखाली मणके मोजता आले. तू वर बघितलंस तर तुझे डोळे भरलेले, आणि सगळ्या हसल्या. आई म्हणाल्या, जोरात बसला वाटतं. मीही हसले. हसण्याखेरीज काय करणार होते मी?

आता जे सांगायला लिहितेय ते. तू, दादा आणि तुमच्यामध्ये स्वरालीला घेतलेली मी, बाजूला शार्दूल, असा फोटो बाबांनी काढून घेतला ना? तो त्यांनी त्याच संध्याकाळी तुझ्या काकांना पाठवला. काकांच्या उर्जाला आणि क्षितिजला विट्याच्या एकाच घरातून सांगून आलंय. भाऊ-बहीण इकडचे, भाऊ-बहीण तिकडचे. क्षितिज तयार आहे. उर्जा अडून बसली होती, मला असं देवाणघेवाणीत लग्न करायचं नाही म्हणून. काकाही कचरत होते. बाबा फोनवर त्यांना म्हणाले, मी दार लोटायला उठले होते तेव्हा ऐकलं, "हा फोटो बघ. आठ वर्षं झाली. एक तरी चेहरा नाराज दिसतो का?" विट्याच्या लोकांनाही तो फोटो गेलाय.

आग्नेसचं पत्र भाचीच्या कराराला का शिवलं होतं ते मला तिथे दारात उभी असताना कळलं. कारकुनाची चूक नव्हती. "यजमान मायेने वागतात, मला काही उणं नाही." पोरीला त्याच घरात द्यायला याहून चांगला पुरावा कुठला? तिने एल्सला वाचवायला लिहिलं, आणि दहा-बारा वर्षांनी तिच्याच अक्षराने तिची भाची नदीपार गेली. तोंडी निरोप आणणारा माणूस तोवर कुठे होता कुणास ठाऊक.

मी फ्राऊ क्रेमरना फोन करून म्हटलं, भिंतीवरचा माझा मजकूर चुकीचा आहे, बदला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पण प्रदर्शन उघडलंय, पाट्या स्क्रूने बसवल्यात. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. आग्नेस सुखात होती हे तोवर माझ्या शब्दांत लोक वाचत राहतील.

उर्जाला कुणीतरी सांगायला हवं. मी सांगू शकत नाही. बाबा इथे डिसेंबरपर्यंत आहेत, दिवसाचे सहा तास स्वराली त्यांच्या मांडीवर असते, तिच्याशी ते माझ्याशी कधी बोलले नाहीत इतकं बोलतात. उद्या त्यांनी मला बॅग भरायला सांगितलं तर तिला ठेवून घेतील. मला माहीत आहे हे भ्याडपणाचं आहे. तरी तुलाच सांगते, तू सांग तिला. माझ्यात ते नाही.

सुमेधा


हॅनोव्हर
६ नोव्हेंबर

सुमेधा,

काल दुपारी तू डॉक्टरकडे गेली होतीस, त्यामुळे तुला बाबांनी सांगितलं तेवढंच कळलं असेल. झालं ते असं.

मी उर्जाला सांगायचं ठरवलं होतं. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ठरवलं होतं. काय बोलायचं ते एका पाकिटाच्या मागे लिहून ठेवलं, चारच वाक्यं, म्हणजे अडखळायला नको. दिवाळीचे पाहुणे गेले की तिला एकटीला गाठणार होते. मध्ये एकदा मेसेज टाईप केला आणि पुसला. हे वाचून ती तिच्या वडिलांकडे जाणार, तिचे वडील बाबांना फोन करणार, आणि बाबा तुझ्या हॉलमध्ये बसलेले आहेत, हे दर वेळी तिथेच येऊन थांबायचं.

काल तिचाच फोन आला, व्हिडिओवर. मी किटामधून नुकतीच आले होते, अंगावर कोट होता. उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "ताई, तू स्पीकरवर आहेस." बिचारीने आधीच सांगितलं. तिच्या मागे काका-काकू होते, आणि विट्याची माणसं फराळाला आलेली, मुलाची आई लाडू हातात धरून स्क्रीनकडे बघत होती. तेवढ्यात तुझ्या घरून बाबाही जोडले गेले. त्यांच्या मांडीवर स्वराली होती.

उर्जा म्हणाली, "सगळे म्हणतात ताईला विचार. म्हणून सगळ्यांसमोर विचारते. ताई, खरं सांग, तू सुखात आहेस ना?"

पाकीट माझ्या समोर टेबलावर होतं. वाचता येत होतं. मी पडद्याकडे बघितलं तर स्वरालीचं टोपडं कपाळावर आलं होतं आणि बाबा ते एका बोटाने, तिला जाग येऊ नये असं, मागे सारत होते. त्यांचं माझ्या उत्तराकडे लक्षही नव्हतं. मी काय सांगणार याची त्यांना खात्रीच होती.

मी हो म्हटलं.

उर्जाने फोन डोळ्यांजवळ आणून माझ्याकडे बघितलं. ती लहान असताना मी तिच्या वेण्या घालायचे, तिला माझा चेहरा ओळखता येतो असं मला नेहमी वाटायचं. मग तिने मान हलवली.

"मग मीही हो सांगते," म्हणाली.

ऊर्मिला